महालाचे भाडे आणि मागच्या इमारतीतली खोली

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे जुन्या वास्तूंमधील मुक्कामाविषयी आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटल्यामुळे इतर विषयांवरील प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले आहेत.

प्रश्न : लग्नाला पंचवीस वर्षे झाली, त्या निमित्ताने मी, माझे पती आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात राजस्थानातील एका जुन्या महालात दोन रात्री राहिलो. एकदा तरी राजवाड्यात राहावे अशी सासूबाईंची फार दिवसांची इच्छा होती आणि खरे सांगायचे तर माझीही होती. हॉटेलच्या संकेतस्थळावर झरोक्यातील बैठक, नक्षीदार कमानी आणि छत्रीचा पलंग अशी सुंदर छायाचित्रे होती. एका खोलीचे एका रात्रीचे भाडे कर सोडून साडेचौदा हजार रुपये होते आणि आम्ही दोन खोल्या घेतल्या. प्रत्यक्षात आम्हाला महालाच्या मागे बांधलेल्या एका दुमजली इमारतीत नेण्यात आले. तेथे झरोक्याऐवजी सरकत्या काचेची खिडकी होती आणि खिडकीसमोर जनरेटर. पलंगामागची भिंत ओली होती आणि रंगाचे पोपडे सकाळी उशीवर पडलेले असत. दोन बादल्या गार पाणी वाहून गेल्याखेरीज गरम पाणी येत नसे. सासूबाईंची खोली वरच्या मजल्यावर होती, पायऱ्या उंच होत्या, जिन्याला एका बाजूने कठडा नव्हता आणि लिफ्टही नव्हती. ज्या दरबार सभागृहातील भोजनाचे वर्णन वाचून आम्ही हे हॉटेल निवडले, ते दोन्ही दिवस एका लग्नासाठी दिलेले होते, आणि त्या लग्नाचा डीजे पहिल्या रात्री पाऊण वाजेपर्यंत चौकात वाजत होता. तक्रार केली तेव्हा व्यवस्थापक हसून म्हणाले, "मॅडम, यह हेरिटेज है." वर जेवणाच्या बिलात दहा टक्के सेवा शुल्क लावले होते. आमच्या अपेक्षाच चुकीच्या होत्या का? आणि आता काही करता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या अपेक्षा चुकीच्या नव्हत्या. व्यवस्थापकांचे ते एक वाक्य मात्र फार कामाचे आहे, कारण या व्यवसायातील निम्म्या तक्रारी त्याच वाक्याने मिटवल्या जातात. जुन्या वास्तूत राहताना काही गैरसोयी वास्तूच्या असतात आणि त्या पाहुण्याने समजून घ्यायच्या असतात; काही गैरसोयी व्यवस्थापनाच्या असतात आणि त्या वास्तूच्या नावावर खपवल्या जातात. आपल्या पत्रातील तक्रारी मी या दोन ढिगांत वाटू लागलो, तेव्हा पहिल्या ढिगात घालण्यासारखे काहीच सापडले नाही. उंच पायऱ्या आणि नसलेली लिफ्ट एखाद्या किल्ल्यात मी निमूटपणे मान्य केली असती. पण आपण ज्या इमारतीत राहिलात तिला सरकत्या काचेच्या खिडक्या होत्या, म्हणजे ती हॉटेलसाठीच अलीकडे बांधलेली होती. अलीकडे बांधलेल्या जिन्याला कठडा नसणे हा कोणत्याही राजघराण्याचा वारसा असू शकत नाही.

आता ही मागची इमारत 'हेरिटेज' नावाखाली कशी येते ते सांगतो, कारण येथे बहुतेकांची फसगत होते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात १९५० पूर्वी बांधलेले महाल, किल्ले, हवेल्या, शिकारखाने आणि निवासस्थाने 'हेरिटेज हॉटेल' म्हणून मान्यता मिळण्यास पात्र ठरतात, आणि त्यांत बेसिक, क्लासिक व ग्रँड अशा तीन श्रेणी आहेत. मात्र त्याच नियमांत नवे बांधकामही मान्य केलेले आहे. जुने आणि नवे मिळून जे एकूण क्षेत्र होईल त्याच्या पन्नास टक्क्यांहून नवे जास्त नसावे आणि त्याची शैली जुन्याशी जुळणारी असावी, एवढीच अट आहे. याचा अर्थ असा की सर्व नियम पाळूनही एखाद्या हॉटेलचा निम्मा भाग काल-परवा बांधलेला असू शकतो आणि तेथे झोपणारा पाहुणा कागदोपत्री 'हेरिटेज हॉटेल'मध्येच झोपलेला असतो. शिवाय हे वर्गीकरण ऐच्छिक आहे आणि मिळालेली श्रेणी पाच वर्षांपुरतीच असते. ज्याने कधी अर्जच केला नाही असा मालकही आपल्या पाटीवर 'हेरिटेज' हा शब्द लिहितो, 'रॉयल'ही लिहितो, आणि ग्राहक दोन्ही शब्द सरकारी शिक्क्यासारखे वाचतो.

नव्या इमारती उभ्या राहतात त्यामागे हिशेब आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. संस्थाने विलीन झाल्यावर एवढ्या मोठ्या वास्तू सांभाळणे राजघराण्यांना जड जाऊ लागले. जयपूरचा रामबाग १९५७ साली हॉटेल झाला, उदयपूरच्या पिचोला तलावातील जगनिवास १९६३ साली झाला, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाल्यावर ज्यांनी तोवर विचार केला नव्हता त्यांनाही तो करावा लागला. ज्यांच्याकडे शंभर दालनांचा महाल होता त्यांचे भागले. पण मध्यम आकाराच्या ठिकाण्याच्या, म्हणजे तिकडच्या जहागिरीच्या, गढीत पाहुण्यांना देता येतील अशा खोल्या बारा-पंधराच निघतात. त्या भाड्यावर माळी, आचारी, दारवान आणि दरवर्षीची डागडुजी भागत नाही, म्हणून मागच्या तबेल्याच्या जागेवर तीस खोल्या उभ्या राहतात. यात गैर काही नाही. गैर आहे ते झरोक्याचे छायाचित्र दाखवून तबेल्याच्या जागेवरची खोली त्याच भाड्याला देणे.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांत सहसा नसते. वास्तू जितकी जुनी तितकी ती राहायला सुखाची, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुधा उलटे असते. जोधपूरचा उमेद भवन १९२९ ते १९४३ या काळात बांधला गेला. वीज, नळ आणि स्नानगृहे गृहीत धरूनच त्याचा आराखडा झाला होता. सोळाव्या-सतराव्या शतकातील गढी संरक्षणासाठी बांधलेली असते. तिचे दरवाजे ठेंगणे, कारण आत शिरणाऱ्याला वाकावे लागावे. जिने अरुंद आणि वळणाचे, कारण एका वेळी एकच माणूस वर यावा. तेथे स्नानगृहे नंतर, कपाटाच्या कोनाड्यात किंवा दोन दालनांच्या मधल्या बोळात बसवलेली असतात. ऐश्वर्य आणि इतिहास या दोन्ही वस्तू एकाच भाड्यात हव्या असतील तर विसाव्या शतकातील महाल निवडावा, आणि गढीत जायचे असेल तर गुडघ्यांचा सल्ला घेऊन जावे. सासूबाईंना घेऊन आपण गेलात म्हणून हे मुद्दाम लिहिले.

भिंतीच्या ओलीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तो माझा जुना विषय आहे. हॉटेलांच्या देखभाल विभागात मी बरीच वर्षे काढली आहेत. डिसेंबरमध्ये राजस्थानातील हवा इतकी कोरडी असते की धुतलेला टॉवेल तासा-दोन तासांत वाळतो. त्या ऋतूत भिंत ओली असेल तर ती ओल पावसाची नसते. ती बहुधा भिंतीत गाडलेल्या नळाची किंवा पलीकडच्या स्नानगृहाच्या फरशीची असते. जुन्या भिंती दगड आणि चुन्याच्या असतात. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो, म्हणून त्या भिंती शतकानुशतके टिकल्या. पुढे कोणीतरी त्यावर सिमेंट थापतो, वर चकचकीत रंग देतो, आणि आतली ओल आतच कोंडली जाते. मग भिंतीला लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, लागतो आणि पोपडे सुटतात. नव्या इमारतीत तर सिमेंटच असते, तेथे नळ गळला की पुढचे सगळे क्रमाने होते. यावर उपाय एकच : नळ शोधून दुरुस्त करणे आणि तोवर ती खोली विक्रीतून काढणे. पण हंगामात खोली रिकामी ठेवणे जिवावर येते. मी स्वतः वरिष्ठांच्या सांगण्यावरून ओल्या भिंतीवर पुसट रंगाचा एक हात मारून, खोलीत सुगंधी फवारा उडवून पाहुण्याला चावी दिलेली आहे. तो पाहुणा सभ्य होता. त्याने सकाळी फक्त खोली बदलून मागितली. म्हणून आपल्या उशीवरचे पोपडे वाचून मला नवल वाटले नाही, थोडी लाज वाटली.

गरम पाण्याचेही असेच. तापवणारी टाकी एका टोकाला आणि खोल्या दुसऱ्या टोकाला असल्या की मधल्या नळात रात्रभर थंड झालेले पाणी आधी वाहून जावे लागते. गरम पाणी नळांतून सतत फिरते ठेवणारा छोटा पंप आणि परतीचा नळ बसवला की ही तक्रार संपते. राजस्थानसारख्या पाण्याच्या दुर्भिक्षाच्या प्रदेशात प्रत्येक खोलीतून रोज दोन बादल्या वाहू देणारे हॉटेल पाहुण्यांना स्नानगृहात 'पाणी जपून वापरा' अशी पाटीही लावते, हा विनोद मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

लग्नाच्या बाबतीत मात्र मुहूर्ताने आपला घात केला. आपल्याकडे जी कार्तिकी एकादशी, तीच तिकडे देवउठनी ग्यारस; त्या दिवसापासून तिकडे लग्नसराई सुरू होते आणि डिसेंबरच्या मध्यास सूर्य धनु राशीत जाईपर्यंत चालते. महालांचे बरेचसे उत्पन्न आता अशा लग्नांतून येते आणि दोन खोल्यांच्या पाहुण्यासाठी कोणताही मालक दोनशे पाहुण्यांचे लग्न नाकारणार नाही. परंतु सभागृह त्या दिवशी बंद राहील हे आपल्याला आधी कळवणे त्याला अशक्य नव्हते. लग्नाची नोंदणी काही महिने आधी झालेली असते. आवाजाबद्दल म्हणाल तर तो नुसता असभ्यपणा नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्या जागी ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकारला सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून मोजके दिवस बारापर्यंत सवलत देता येते, आणि बंदिस्त सभागृहाला वेगळा नियम आहे. पण चौक हे बंदिस्त सभागृह नव्हे आणि पाऊण वाजता बाराची सवलतही संपलेली असते. त्या वेळी ११२ वर दूरध्वनी करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार होता. लग्नाच्या वाढदिवसाच्या सहलीत पोलिसांना बोलावणे कोणाला सुचत नाही, हेही मी समजू शकतो.

आता काय करता येईल ते पाहू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा आणि दिशाभूल करणारी जाहिरात या तिन्ही गोष्टींची स्वतंत्र व्याख्या आहे आणि आपल्या प्रकरणात तिन्हींचा थोडाथोडा अंश आहे. छायाचित्रांखाली बारीक अक्षरांत 'प्रातिनिधिक' असे लिहिलेले होते, असा बचाव हॉटेल कदाचित करील. त्यावर ९ जून २०२२ ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे दाखवावीत. जाहिरातीतील मुख्य दाव्याच्या विरुद्ध जाणारी किंवा महत्त्वाची माहिती झाकणारी तळटीप त्यांत मान्य केलेली नाही. प्रथम हॉटेलला ईमेलने शांत शब्दांत, तारखा आणि खोली क्रमांकांसह तक्रार लिहा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. सोबत बिल, नोंदणीची पावती, भिंतीची छायाचित्रे आणि संकेतस्थळावरील त्या झरोक्याच्या पानाची प्रत जोडा. ही प्रत आजच काढून ठेवा, कारण तक्रार पोहोचल्यावर छायाचित्रे बदलतात. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेथेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि त्यासाठी राजस्थानात जावे लागत नाही : नव्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील, म्हणजे पुण्यातील, आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून दाखल होते आणि त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे.

मागणी किती करावी, याबाबत माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही. चार खोली-रात्रींचे अठ्ठावन्न हजार आणि त्यावरील अठरा टक्के कर अशी सगळी रक्कम परत मागू नका. आपण दोन्ही रात्री तेथे राहिलात आणि दुसऱ्या दिवशी खोली सोडली नाहीत, हे आयोग पाहीलच. छायाचित्रातील खोलीचे आणि मिळालेल्या खोलीचे भाडे यांतील फरक, सेवा शुल्काची रक्कम आणि मनस्तापाची माफक भरपाई एवढे मागितले तर आपली बाजू भक्कम राहते आणि बहुतेक हॉटेले तेवढ्यावर तडजोडीला तयारही होतात. सेवा शुल्काचा मुद्दा तर सर्वांत सोपा आहे. त्याच प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हॉटेलला ते आपोआप बिलात लावता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वे कायम ठेवली आहेत. बिल हातात येताच 'ही ओळ काढा' असे म्हटले तर ती निघते; वाढप्याला खुशीने काही द्यायचे असेल तर ते त्याच्या हातात द्यावे.

पुढच्या वेळी नोंदणीपूर्वी हॉटेलला दूरध्वनी करून खोली मूळ वास्तूत आहे की नव्या इमारतीत, आणि असल्यास कोणत्या मजल्यावर, एवढे विचारा व उत्तर लेखी मागा. त्याच तारखांना लग्न आहे का हेही विचारा. सासूबाईंना पुन्हा राजवाड्यात न्यायचे ठरले तर मकर संक्रांतीपूर्वीचा, जानेवारीचा दुसरा आठवडा बघा. तेव्हा तिकडे मुहूर्त नसतात आणि नाताळ-नववर्षाची गर्दी उलगडलेली असते. थंडी कडक असते, एवढे मात्र लक्षात ठेवा.

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही दक्षिण गोव्यातील दीडशे वर्षे जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरात तीन दिवस राहिलो. घर देखणे होते, पण खोलीत कुबट वास येत होता, लाकडी जमीन चालताना वाजत होती, दिवाणखान्यात वातानुकूलन नव्हते, भिंतीवर पाली होत्या आणि एकदा तर न्हाणीघरात बेडूक निघाला. मालकीणबाईंनी क्षमा मागितली, पण पैसे परत करण्यास नकार दिला. मीही ग्राहक आयोगाकडे जाऊ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : माझ्या मते जाऊ नये. आपल्या यादीतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या घराची आणि त्या महिन्याची आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौले आणि उंच छत यांची योजना वारा खेळता राहावा म्हणून केलेली असते. कौलांच्या फटींतून हवा जाते, म्हणूनच दिवाणखान्यात वातानुकूलन यंत्र बसवून उपयोग होत नाही. त्या घराच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे लावलेले आपण पाहिले असतील. त्यांतून येणारा दुधी उजेड दुसरीकडे कोठे मिळत नाही, आणि त्या पूर्ण घट्ट बंदही होत नाहीत. कोकण किनाऱ्यावर जुलैमध्ये आपल्या स्वतःच्या घरातील कपाटालाही कुबट वास येतो. बेडकाबाबत मला सहानुभूती आहे, पण तो पागोळ्यांबरोबर आत येतो, मालकीणबाईंच्या दुर्लक्षाने नव्हे.

गादी ओलसर होती का, चादरींना बुरशीचा वास होता का, विजेचे बटण झटका देत होते का, हे आपण लिहिलेले नाही. तसे काही असते तर माझे उत्तर वेगळे असते, कारण बिछाना कोरडा ठेवणे पावसाळ्यातही जमते. आपण ज्या संकेतस्थळावरून नोंदणी केलीत त्यावर वातानुकूलित दिवाणखाना लिहिलेला असल्यास तेवढ्यापुरती तक्रार त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. ई-व्यापाराच्या २०२० च्या नियमांनुसार त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि महिन्याभरात उत्तर द्यायचे असते. 'पैसे परत मिळणार नाहीत' ही अट पाहुण्याने स्वतः बेत रद्द केल्यास लागू होते. कबूल केलेली सोय दिली नाही तर त्या अटीचा आडोसा घेता येत नाही.

प्रश्न : सातारा जिल्ह्यात आमचा दोन चौकी वाडा आहे. भाऊबंदांच्या वाटण्या होऊन माझ्याकडे आलेल्या भागातील चार खोल्या मी गेल्या वर्षापासून पाहुण्यांना देतो. जाहिरात करणाऱ्या मुलाने संकेतस्थळावर 'पेशवाई थाटाचा शाही महाल' असे लिहिले. आता तीन-चार पाहुण्यांनी 'महाल कसला, जुने घर आहे' असे अभिप्राय लिहिले आहेत. वाडा स्वच्छ आहे, जेवण उत्तम आहे, तरी नाव खराब होत आहे. काय करावे?
— एक वाडामालक

उत्तर : सर्वप्रथम 'शाही महाल' हे शब्द काढून टाका; शक्य असल्यास हा अंक वाचून खाली ठेवण्यापूर्वीच. आपल्या पाहुण्यांनी लिहिलेले खोटे नाही. वाडा हे जुने घरच असते आणि त्याची शोभा त्यातच आहे. दिंडी दरवाजातून वाकून आत यावे, चौकात उजेडाचा चौकोन पडलेला असावा, ओसरीवर सागवानी खांबाला टेकून चहा घ्यावा, माजघरातल्या गारव्यात दुपारी डुलकी लागावी, हे ज्याला हवे आहे तो पाहुणा 'वाडा' हा शब्द शोधत येतो. 'महाल' शोधत येणाऱ्याला झुंबर हवे असते, आणि आपल्याकडे कंदील आहे.

छायाचित्रे प्रत्येक खोलीची वेगवेगळी टाका आणि भाडेही वेगवेगळे ठेवा, कारण वाड्यातील कोणत्याही दोन खोल्या सारख्या नसतात आणि सर्वांत लहान खोली घेणाऱ्यालाही मोठ्या खोलीचेच चित्र पाहून यावे लागले तर तो पायरी चढण्याआधीच नाराज होतो. जिन्याचे, संडासाचे आणि न्हाणीघराचेही छायाचित्र टाका. आपला मुलगा किंवा तो जाहिरातवाला यास विरोध करील. त्याला सांगा की संडासाचे चित्र पाहून जो नोंदणी करतो तो आल्यावर संडासाची तक्रार करीत नाही. न्हाणीघर खोलीला लागून नसून चौक ओलांडून जावे लागत असेल तर ते पहिल्या तीन ओळींत लिहा, शेवटच्या तीन ओळींत नव्हे. माळवदाखालच्या खोलीत वरून कधीकधी माती पडते. पलंगावर खादीची छत्री ताणली तर माती अडते आणि खोलीही देखणी दिसते.

खर्च कोठे करावा, असे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. ज्या मालकांनी आधी नक्षीकाम रंगवून घेतले आणि न्हाणीघर पुढच्या वर्षावर टाकले, त्यांचे अभिप्राय मी वाचलेले आहेत. आपल्याकडील पैसे आधी पाण्याच्या नळांवर, विजेच्या तारांवर आणि गाद्यांवर घाला. भिंती दुरुस्त करायच्या असतील तर सिमेंट वापरणारा गवंडी नको. चुना मळणारा जुना माणूस पंचक्रोशीत एखादा असतोच, मंदिरांच्या जीर्णोद्धाराची कामे जेथे चालू असतात तेथे चौकशी करा. तो महाग पडेल आणि सावकाश काम करील.

त्या तीन-चार अभिप्रायांना उत्तर द्यायला विसरू नका. 'आपले म्हणणे बरोबर आहे, आमच्या जाहिरातीतील शब्द चुकीचे होते, ते आम्ही बदलले आहेत', एवढे पुरे. त्याखाली भरताच्या वांग्याचे कौतुक करणारा जो अभिप्राय आहे, तो मी पाहिला आहे. त्याला मात्र जरा लांब उत्तर लिहा.